सामान ठेवायची खोली : पुण्यातल्या एका पेठेतल्या बेघरांचं प्रकरण

हे प्रकरण पुण्याच्या पूर्व भागातल्या एका पेठेतलं आहे, नोव्हेंबर २०२२ पासून २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंतचं. माणसांची, मंडळाची आणि रस्त्याची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. आपल्या भागात असंच काही करू पाहणाऱ्या मंडळांना, ट्रस्टना आणि बचत गटांना उपयोग व्हावा म्हणून ते सविस्तर लिहितो आहे. बैठकांच्या नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

पार्श्वभूमी

पेठ जुनी आहे. एका बाजूला घाऊक मालाची गोदामं आणि ट्रान्सपोर्टची ऑफिसं, दुसऱ्या बाजूला वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारती. पुणे स्टेशन आणि ससून रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर. रात्री दुकानांची शटरं खाली आली की पायऱ्यांवर आणि फुटपाथवर पथाऱ्या पडत. पस्तीस-चाळीस माणसं कायमची, शिवाय हंगामाप्रमाणे भर.

रहिवासी त्यांना सरसकट भिकारी म्हणत. प्रत्यक्षात भीक मागणारी दोघं-तिघंच होती, तीही हातपाय चालेनासे झाले म्हणून. बाकी बहुतेक कामाचे. त्यात लग्नसराईत केटररकडे जाणारे वाढपी सर्वांत जास्त. गोदामात माल चढवणारे-उतरवणारे, पण माथाडी मंडळात नोंद नसलेले हमाल. पहाटे चारला बाहेर पडणाऱ्या कचरावेचक बायका. मराठवाड्यातून आलेली, सिग्नलला फुगे आणि गजरे विकणारी तीन पारधी कुटुंबं. ससूनमध्ये पेशंट भरती आहे पण लॉज परवडत नाही असे नातेवाईक. आणि एक मनोरुग्ण बाई, जिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली. फुटपाथ, पुलाखालची जागा, रेल्वेचे फलाट, देवळांची आवारं, सिमेंटचे मोठे पाइप अशा ठिकाणी झोपणाऱ्यांची संख्या १७.७ लाख निघाली. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष असा होता की शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी बारमाही निवारा हवा, तोही चोवीस तास उघडा. त्याच जनगणनेत पुणे महापालिका हद्दीची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. म्हणजे तेव्हाच्या हिशेबानेही तीन हजारांहून जास्त माणसांची सोय लागते. हा आकडा बैठकीत सांगितल्यावर ‘आपल्या चाळीस जणांचं एवढं काय’ हे बोलणं थांबलं, म्हणून तो इथे दिला आहे.

अडचण

नोव्हेंबर २०२२ मध्ये एका टेम्पोची बॅटरी चोरीला गेली. त्याआधीपासून फुटपाथवरची घाण, पहाटेची भांडणं, दारू अशा तक्रारी होत्याच. बॅटरी निमित्त झाली. सह्यांची मोहीम निघाली आणि आठवड्याभरात एक गाडी येऊन फुटपाथवरचं सगळं सामान उचलून घेऊन गेली. गोधड्या, स्टोव्ह, भांडी, आणि गाठोड्यांमध्ये जपून ठेवलेले कागद: आधार कार्डं, रेशनकार्डं, एका म्हाताऱ्या बाईच्या निराधार योजनेच्या अर्जाची पोच, एका पेशंटची केस पेपरची फाइल.

माणसं दोन रात्री पलीकडच्या रस्त्यावर झोपली आणि तिसऱ्या रात्री परत आली. कारण काम इथेच होतं. बॅटरी कुणी नेली ते आजवर कळलेलं नाही.

पहिली बैठक

बैठक गणेश मंडळाच्या कार्यालयात झाली. मंडळाचे अध्यक्ष (त्यांना सगळे अण्णा म्हणतात), मशिदीच्या ट्रस्टचे सचिव (पेठेचे चाचा), रिक्षा स्टँडचे प्रमुख, बचत गटाच्या ताई, व्यापाऱ्यांचे दोन प्रतिनिधी आणि महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका बाई. विषयपत्रिकेवर एकच विषय: पोलिसांना निवेदन.

निवेदनाचा मसुदा वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, “द्या की निवेदन. पण हे लोक जाणार कुठे, तेही त्यात लिहा. नाहीतर तिसऱ्या दिवशी परत इथेच.” कुणाकडे उत्तर नव्हतं. व्यापाऱ्यांपैकी एकाने वैतागून विचारलं, की मग आपण त्यांना घरं बांधून द्यायची का? त्यावर रिक्षा स्टँडच्या प्रमुखांनी सुचवलं की निवेदन आठवडाभर थांबवू आणि रात्री एक फेरी मारून येऊ, कोण आहेत ते तरी बघू.

या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय हाच. तो करुणेपोटी झाला असं म्हणता येणार नाही. निवेदनाने काम होत नाही हे नुकतंच दिसलं होतं, म्हणून झाला. अशा कामाची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते आणि त्यात कमीपणा काही नाही.

रात्रीची फेरी

रात्री साडेबारा-एकच्या सुमारास कामावरून परतलेला एक वाढपी शटरला पाठ टेकून बसला होता. त्याने पांढरा शर्ट आणि काळी पँट उतरवली, शर्टाची कॉलर आत दुमडून घडी घातली, दोन्ही कपडे प्लास्टिकच्या पिशवीत सरकवले, तळहाताने दाबून पिशवीतली हवा काढली, तोंडाला गाठ मारली आणि पिशवी डोक्याखाली घेतली. शर्टाला डाग दिसला तर मुकादम दुसऱ्या दिवशी गाडीत घेत नाही.

बाईंनी विचारलं, “रात्र निवाऱ्यात का नाही जात तुम्ही?”

“बाई, झोपायला काय, कुठंही झोपतो. हे कुठं ठेवू?”

मग त्याने सगळं सांगितलं. एका निवाऱ्यात तो राहून आला होता. लग्नाचं काम आटोपून परत येईपर्यंत तिथलं दार बंद झालेलं असे. सकाळी सगळ्यांना बाहेर पडावं लागे, सामानासकट. गाठोडं घेऊन केटररकडे कामाला जाता येत नाही, आणि फुटपाथवर सोडलं तर संध्याकाळी ते असेलच याची खात्री नाही. पुढे ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्या बोलण्यात हेच निघालं. कचरावेचक मावशी कागदाची पिशवी चहाच्या टपरीवाल्याकडे ठेवायच्या. टपरी उचलली गेली तेव्हा तीही गेली. पारधी कुटुंबांची अडचण आणखी वेगळी. नवरा पुरुषांच्या निवाऱ्यात आणि बायको-पोरं बायकांच्या, असं राहायला ती तयार नव्हती. नियमाप्रमाणे कुटुंबांसाठी वेगळा निवारा असू शकतो, पण पोहोचता येईल अशा अंतरावर तो मिळाला नाही.

समोरचे पर्याय

जानेवारी २०२३ च्या बैठकीत सगळे पर्याय एकेक करून तपासले. आधीच्या रात्री पारा बराच उतरला होता आणि ताई फेरी मारून थेट बैठकीला आल्या होत्या.

सर्वांना अस्तित्वात असलेल्या निवाऱ्यात पाठवणं सोपं दिसत होतं. पण वर सांगितलेल्या कारणांमुळे एकट्या म्हाताऱ्या माणसांपलीकडे कुणी टिकलं नसतं. महापालिकेची शाळा रात्री उघडावी, हा प्रस्ताव अण्णांनी जोरात मांडला. त्यांचं म्हणणं, पालखीच्या मुक्कामात दोन रात्री वारकरी शाळाशाळांत उतरतात, सगळी पेठ त्यांच्यासाठी राबते, मग थंडीत चाळीस माणसं का नकोत? २०२० च्या टाळेबंदीत शाळांमध्ये बेघरांची सोय झालीही होती. पण बाईंनी शाळा चालवलेली होती. सकाळी सातला मुलं येतात, स्वच्छतागृहं अपुरी, शिपाई एकच. दोन रात्रींची सोय आणि बारा महिन्यांची सोय वेगळी, असं त्यांनी समजावलं आणि अण्णांनी ते मानलं.

मंडळाच्याच हॉलमध्ये झोपायला जागा देण्याचा विचारही झाला. रात्री काही झालं तर जबाबदार कोण, या प्रश्नावर तो मागे पडला. भाड्याच्या खोल्या हा चांगला मार्ग होता, पण डिपॉझिट आणि कागद दोन्ही नव्हते.

चाचा तोपर्यंत गप्प होते. ते म्हणाले, “तो काय मागत होता? सामान ठेवायला जागा. मग आधी तेवढंच देऊ.” मंडळाची ढोल-ताशे आणि सजावटीचं सामान ठेवायची खोली होती. तिच्यात लोखंडी रॅक टाकून एक भिंत मोकळी होऊ शकत होती.

हा दुसरा निर्णय, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची चावी. निवाऱ्याचा प्रश्न आपण नेहमी अंथरुणांच्या संख्येत मोजतो. ज्याचं अख्खं घर एका गाठोड्यात आहे त्याला ते गाठोडं सांभाळण्यापायी काम सोडावं लागतं, आणि ते हरवलं की ओळखही हरवते. खोलीचा खर्च रॅक, कुलपं आणि गोण्या एवढाच होता.

काय केलं

फेब्रुवारीत खोली सुरू झाली. प्रत्येकाला नंबर टाकलेली एक गोणी आणि वहीत एक पान. गोणी पहिल्यांदा ठेवताना मालकाने दोन जणांसमोर ती स्वतः उघडून दाखवायची, त्यानंतर कुणी तिला हात लावायचा नाही. खोली पहाटे आणि रात्री उशिरा, कामाच्या वेळा बघून उघडायची. एक किल्ली व्यापारी संघटनेच्या चौकीदाराकडे. दुसरी कुणाकडे यावर बरीच खळखळ झाली. शेवटी ती वाढप्यांपैकीच वयाने मोठ्या असलेल्या एकाकडे दिली, कारण रात्री दीड वाजता तोच जागा असतो.

पारधी कुटुंबांच्या गोण्या घ्यायला दोघा-तिघांनी विरोध केला. “त्यांचं सोडून बोला,” असं थेट म्हणण्यात आलं. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर बसवलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कायदा रद्द होऊनही माणसांच्या मनातून गेलेला नाही, हे त्या संध्याकाळी उघड दिसलं. ताईंनी सांगितलं की त्यांच्या गोण्या नसतील तर बचत गट या कामात नाही. गोण्या आल्या.

कागदांचं काम अपेक्षेपेक्षा लांबलं. आधारसाठी नेहमीचे पुरावे नसतील तर ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. ते खासदार, आमदार, नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकारी देऊ शकतात, मान्यताप्राप्त निवारागृहाचे अधीक्षकही देऊ शकतात. एरवी पेठेत माणूस पहिल्यांदा नगरसेवकाकडे जातो. पण मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून महापालिकेवर प्रशासक आलेले, त्यामुळे त्या सहीला अर्थ उरला नव्हता. आमदार कार्यालय आणि एका राजपत्रित अधिकाऱ्याच्या मदतीने काम पुढे सरकलं. बऱ्याच जणांचे आधार आधीच काढलेले होते, नंबर मात्र पाठ नव्हता. ठशांवरून जुना नंबर शोधता येतो, पण हमालांची आणि कचरावेचकांची बोटं इतकी घासलेली की मशीन ठसा घेईना. डोळ्यांच्या बुबुळांवरून काम झालं.

मतदार नोंदणीची तरतूद कुणालाच माहीत नव्हती. बेघर माणूस जिथे झोपतो ती जागा पत्ता म्हणून देऊ शकतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे येऊन तो खरंच तिथे झोपतो का ते पाहतो, राहण्याचा वेगळा पुरावा मागत नाही. चार-पाच जणांनी नमुना ६ भरला. त्यातल्या एका हमालाने मतदार ओळखपत्र आलं तेव्हा ते स्टँडवरच्या प्रत्येक रिक्षावाल्याला दाखवलं.

त्या मनोरुग्ण बाईंबद्दल सुरुवातीला जे सुचवलं गेलं ते लिहायलाही जड जातं: रात्री गाडीत घालून शहराबाहेर सोडून यायचं. असं शहराशहरांतून होत असतं आणि एका गावची मनोरुग्ण माणसं दुसऱ्या गावच्या रस्त्यावर सापडतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार अशी व्यक्ती दिसल्यास तिला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेणं ही पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. मुख्याध्यापिका बाई आणि ताई कलमाची प्रत घेऊन ठाण्यात गेल्या. तिथल्या महिला अधिकाऱ्याने त्याच दिवशी व्यवस्था केली. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी त्या बाईंनी स्वतःचं नाव सांगितलं आणि गावाचंही.

खोल्या आणि चातुर्मास

एप्रिलपासून खोल्या बघायला सुरुवात झाली. जवळपासच्या वस्त्यांमध्ये दहा बाय दहाची खोली, महिना साडेतीन-चार हजार, डिपॉझिट दहा ते पंधरा हजार. तीन वाढपी मिळून एक खोली, असा हिशेब बसत होता. मंडळ, मशिदीचा ट्रस्ट आणि काही व्यापारी यांनी मिळून डिपॉझिटचा फंड उभा केला. पैसे थेट घरमालकाला द्यायचे आणि खोली सोडली की फंडात परत यायचे. अकरा महिन्यांचा करार, पोलिस व्हेरिफिकेशन, आणि अण्णांचा शब्द. मालकांनी खोल्या दिल्या त्या मुख्यतः या तिसऱ्या गोष्टीवर.

जूनमध्ये पालख्या आल्या तेव्हा खोलीत गेलेल्या वाढप्यांनी मंडळाच्या पंगतीत वाढायचं काम स्वतःहून घेतलं. पेठेतल्या बऱ्याच लोकांनी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते तेव्हा. त्यानंतर पंधरवड्यात अडचण उभी राहिली.

आषाढी एकादशी २९ जूनला झाली आणि चातुर्मास लागला. चार महिने लग्नांचे मुहूर्त नाहीत म्हणजे वाढप्यांना काम नाही. त्यात २०२३ ला अधिक श्रावण. कार्तिकी एकादशी थेट २३ नोव्हेंबरला. कॅलेंडर सगळ्यांच्या भिंतीवर होतं, लग्नाच्या तारखा काढणारी माणसंही बैठकीत होती, पण भाड्याचा हिशेब करताना एप्रिल-मेची कमाई धरली गेली. ऑगस्टमध्ये तीन खोल्यांचं भाडं थकलं आणि घरमालकांचे फोन अण्णांना येऊ लागले.

इथे गटात सर्वांत कडक वाद झाला. फंडातून भाडं भरायचं का? एका बाजूचं म्हणणं, एकदा भरलं की सवय लागेल. दुसरी बाजू म्हणाली, माणूस परत फुटपाथवर गेला तर सगळं मुळापासून करावं लागेल. तोडगा रिक्षा स्टँडच्या प्रमुखांनी काढला. गणपतीच्या मांडवांचं काम सुरू झालेलं होतं, तिथे मजूर हवेच असतात. दोन महिन्यांचं अर्धं भाडं उसनं द्यायचं आणि मांडववाल्यांकडे काम लावून द्यायचं. तरीही एक खोली सुटली. त्यातले दोघे फुटपाथवर परत आले, तिसरा गावी गेला.

दिवाळीनंतर ताईंनी वाढप्यांची वेगळी भिशी सुरू केली. लग्नसराईत कामाच्या प्रत्येक दिवसाचे पन्नास रुपये बाजूला, आणि ती रक्कम फक्त आषाढ ते कार्तिक या काळात भाड्यासाठी उचलायची.

निष्पत्ती

२०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत मूळच्या चाळीसांपैकी बारा-तेरा जण भाड्याच्या खोल्यांत होते. दोन म्हाताऱ्या माणसांची वृद्धाश्रमात सोय झाली. तिसऱ्या आजींनी नकार दिला. त्यांना संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये सुरू झाले आणि त्या आपल्या जुन्याच पायरीवर झोपतात. मनोरुग्णालयातून बऱ्या होऊन निघालेल्या बाईंना भाऊ घेऊन गेला. पारधी कुटुंबांपैकी एकाची मुलं शाळेत टिकली, उरलेली दोन कुटुंबं पावसाळ्यानंतर शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि मुलांचे दाखले इथेच राहिले. जे फुटपाथवर उरले त्यांच्यापैकी जवळजवळ सगळे गोण्या ठेवतात, आणि पुढे एकदा सामान उचलण्याची कारवाई झाली तेव्हा कुणाचाही कागद गेला नाही.

व्यापाऱ्यांच्या तक्रारी पूर्ण थांबल्या नाहीत. पायऱ्या सकाळी झाडून देण्याची बोली झाली आहे, ती कधी पाळली जाते, कधी नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीत केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर गेला. तिघांचा जीव गेला, त्यात दोन लहान मुलं होती. कामासाठी अमरावतीहून आलेली माणसं होती ती. फुटपाथवर झोपणारे अजून वीसेक जण आमच्या यादीत होते, त्यामुळे ही बातमी गटात कुणालाच नुसती बातमी म्हणून वाचता आली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या तिन्ही बैठकांना फुटपाथवर राहणारं कुणीही नव्हतं. किल्ली सांभाळणारे वाढपी काका बैठकीला येऊ लागले ते ऑगस्टच्या वादानंतर. ते आधी असते तर चातुर्मासाचा मुद्दा एप्रिलमध्येच निघाला असता; त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. गटाची ही सर्वांत मोठी चूक.

कागदांच्या झेरॉक्स पहिल्याच महिन्यात काढून खोलीत ठेवायला हव्या होत्या. त्या सुरू झाल्या वर्षभराने.

बायकांच्या स्वच्छतागृहाचा विषय दर बैठकीत निघाला आणि दर वेळी मागे पडला. पैसे देऊन वापरायचं स्वच्छतागृह रात्री बंद असतं, म्हणून कचरावेचक मावशी संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. जवळच्या एका गोदामाचं स्वच्छतागृह रात्री उघडं ठेवायला मालक तयार झाले असते, असं नंतर कळलं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

अण्णांच्या शब्दावर खोल्या मिळाल्या ही ताकद होती, तशी अडचणही. सप्टेंबरनंतर मंडळाची कार्यकारिणी बदलली, सजावटीचा नवा सेट आला आणि ‘त्या गोण्यांचं काय करायचं’ अशी विचारणा झाली. अण्णांना घरोघरी फिरून लोकांना समजवावं लागलं. खोलीचा वापर पहिल्याच दिवशी लेखी ठरावात यायला हवा होता. २०२४ च्या वार्षिक सभेत तो ठराव झाला. त्याच सभेनंतर चाचांनी मशिदीच्या ट्रस्टची जिन्याखालची खोली कुटुंबांच्या सामानासाठी देऊ केली, आणि कुटुंब निवाऱ्याची लेखी मागणी क्षेत्रीय कार्यालयात दाखल झाली. तिचा पाठपुरावा ताईंकडे आहे.